विमानाची भीती आणि माझा बोगद्यांचा खेळ

आज संध्याकाळी एका परिचित गृहस्थांनी चार माणसांदेखत मला सुनावले की, ज्या बाईला विमानात बसायचा धीर होत नाही, तिने आपला खेळ जगभर जाण्याची स्वप्ने पाहू नयेत. विषय एसेनचा निघाला होता. जर्मनीतले हे शहर म्हणजे बोर्ड गेम करणाऱ्यांची पंढरी. १९८३ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या मेळ्यात देशोदेशीचे प्रकाशक येतात आणि त्यांच्यापैकी एकाने या ऑक्टोबरमध्ये माझा खेळ खेळून पाहण्याची तयारी दर्शवली आहे. खेळ जाईल, मी जाणार नाही, एवढेच मी म्हणाले होते. दुसऱ्याच्या घरी वाद नको म्हणून तिथे गप्प राहिले, पण इथे राहणार नाही.

बँकेतून आल्यावर, जेवणे आटोपून ओटा पुसून झाला की मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठा, कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन बसते, हे तुम्हां बहुतेकांना ठाऊक आहे. गेली काही वर्षे त्या टेबलावर कोकण रेल्वे बांधली जात आहे. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचे ते ७४१ किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, आणि खेळाडू म्हणजे कंत्राटदार. खरी झुंज बोगद्यांतच होते. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. पेडण्याचा त्याच्यापुढे लहान, पण ओल्या मऊ मातीतला, खोदावा तसा ढासळणारा, ज्याने अभियंत्यांची वर्षेच्या वर्षे खाल्ली. खेळात एकेक पत्ता उलटायचा, कातळ आला तर पुढे सरकायचे, आणि एका फेरीत मऊ मातीचे दोन पत्ते आले की त्या फेरीचे सगळे खोदकाम बुडाले.

हा खेळ दीर्घकाळ अडून बसला होता. लोक पत्ते भराभर उलटत, बोगदा कोसळला की हसत आणि दोन डावांनंतर मोबाइल उघडत. तो सुटला तो ज्या प्रवासामुळे, त्याच प्रवासापासून मी विमानात बसलेले नाही.

पावसाळ्याचे दिवस होते आणि मी दिल्लीहून मुंबईला येत होते. विमान इतके खाली आले होते की झोपड्यांवरची निळी ताडपत्री आणि तिच्यावर साचलेले पाणी मला स्पष्ट दिसत होते. चाके आता टेकणार, एवढ्यात इंजिनांचा आवाज एकदम वाढला, पाठ खुर्चीला दाबली गेली आणि आम्ही पुन्हा ढगांत शिरलो. कोणी ओरडले नाही. शेजारच्या आजींनी माझे मनगट धरले होते आणि त्यांच्या बांगड्यांचे वळ मला घरी पोहोचेपर्यंत दिसत होते.

या अनुभवावर मला लगेच आकडेवारी ऐकवली जाते. रस्त्यापेक्षा विमान सुरक्षित आहे, उतरणे सोडून पुन्हा वर जाणे ही वैमानिकाला शिकवलेली नेहमीची गोष्ट आहे, हादऱ्यांनी पंख तुटत नाहीत कारण ते वाकण्यासाठीच घडवलेले असतात. सगळे मान्य आहे, आणि हे सांगणाऱ्यांपेक्षा मी त्यावर अधिक वाचले आहे. पण गणित कळल्याने हात थरथरायचा थांबत नाही. "मग कोकण रेल्वेच्या बोगद्यात कशी भीती वाटत नाही?" असे आज मला विचारले गेले. नाही वाटत. भीती तर्काला विचारून येत नाही, आणि ज्याला ती कधी शिवलीच नाही त्याने तिच्यावरून दुसऱ्याची लायकी ठरवू नये.

त्या विमानाकडे पुन्हा येते. वर गेल्यावर काही मिनिटांनी वैमानिकाचा शांत आवाज आला: धावपट्टी नीट दिसत नव्हती, म्हणून उतरणे सोडून दिले, आता पुन्हा प्रयत्न करू. पुढे कित्येक रात्री मला तेच वाक्य ऐकू येत असे. त्याने अंतर गमावले, इंधन जाळले, सगळ्यांचा वेळ घालवला, पण हातातले राखले. माझ्या खेळात नेमका हाच पर्याय नव्हता. मी "माघार" नावाचा नियम लिहिला: मऊ मातीचा पहिला पत्ता आला की खेळाडूने हवे तर बोगदा सोडावा, अर्धे खोदकाम राखावे आणि त्याची किंमत म्हणून पुढची पाळी द्यावी. त्यानंतर प्रथमच माझी आई, जिने रत्नागिरीहून एस.टी.ने घाट चढण्यात उमेदीची वर्षे काढली, पत्त्यांच्या गड्डीवर हात तसाच अधांतरी ठेवून कितीतरी वेळ विचार करत बसली. गड्डीत मातीचे पत्ते थोडेच उरले आहेत हे तिला मोजून ठाऊक होते, आणि तरीही तिचा हात खाली येत नव्हता. खेळ त्या क्षणी उभा राहिला.

आता सांगा, न भिणाऱ्या माणसाला हा नियम सुचला असता का?

विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह आयुष्यात केवळ दोनदा विमानात बसले आणि त्यांच्या कथा आकाशगंगा पालथ्या घालतात. डच फुटबॉलपटू डेनिस बर्गकँप १९९४ च्या विश्वचषकानंतर विमानात बसायला तयार नव्हता. १९९८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्धचा तो प्रसिद्ध गोल त्यानेच केला. क्लाउस टॉयबर दातांची प्रयोगशाळा चालवत फावल्या वेळात घरच्या तळघरात खेळ रचत होते, आणि १९९५ मध्ये कॅटन हा जगभर गाजलेला बोर्ड गेम तिथूनच बाहेर पडला. काम बसल्या जागी होते. मग विमानाचे तिकीट ही कुवतीची परीक्षा कोणी ठरवली?

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे. त्या गृहस्थांना माझा खेळ आवडतो, त्यांनी तो अनेकदा खेळला आहे, आणि संधी हुकेल या काळजीनेच ते बोलले असावेत. प्रकाशकासमोर बसून खेळ मांडण्याची सर पडद्यावरच्या भेटीला येत नाही, हेही खरे. कधी काळी मी पुन्हा विमानात बसेनही, पण कोणाच्या टोमण्याखातर नाही.

खेळाचा डबा माझी मैत्रीण घेऊन जाणार आहे. मी पुण्यातून व्हिडिओवर नियम समजावून सांगेन. आपल्याकडे साडेसात वाजतील तेव्हा तिथे दुपारचे चार असतील. त्याआधी इंग्रजी नियमपुस्तिका अशा चार जणांकडून तपासून हवी आहे, ज्यांनी हा खेळ कधीच पाहिलेला नाही, आणि मी शेजारी बसून एक शब्दही बोलणार नाही. येत्या रविवारी दुपारी ज्यांना जमेल त्यांनी कळवावे. विमानप्रवासाची आकडेवारी मात्र खाली कोणीही टाकू नये, ही विनंती.