ससा एकटा म्हणून गिनीपिग आणू नका

मावसबहिणीने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, रविवारी आणू का मग?" तिच्या लेकीचा ससा एकटा आहे. ‘ससा उदास? जोडीला गिनीपिग आणा!’ असा मेसेजचा मथळा. खाली पाच मुद्दे : दोघं एकाच कुळातले, दोघांचं खाणं एकच, जात वेगळी म्हणून पिल्लांची कटकट नाही आणि नसबंदीचा खर्च वाचतो, जात वेगळी म्हणूनच आजार एकमेकांना लागत नाहीत, आणि ससा गिनीपिगच्या अंगावर चढू लागला की समजा, दोस्ती जमली.

लिहिणाऱ्याला पहिल्या मुद्द्यात दोघं एकाच कुळातले हवेत आणि तिसऱ्या-चौथ्यात वेगळ्या जातीचे. सोय होईल तसं. गिनीपिग कृंतक आहे, म्हणजे उंदीर-खारीच्या गणातला. ससा त्या गणात येतच नाही. संपला तो मुद्दा.

आजार लागत नाहीत, या वाक्याने मात्र माझं डोकं फिरलं. बॉर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका नावाचा एक जिवाणू आहे. तो पुष्कळ सशांच्या नाका-घशात असतो आणि सशाला बहुतेक वेळा काहीच होत नाही. शिंक नाही, ताप नाही, खाणं नेहमीसारखं. गिनीपिगला त्याच जिवाणूने न्यूमोनिया होऊ शकतो. तो खाणं सोडतो, कोपऱ्यात फुगून बसतो, नाकातून पाणी येतं, श्वास घ्यायला धडपडतो. काही तर लक्षण दिसायच्या आधीच मरतात. त्यामुळे ‘आमचा ससा ठणठणीत आहे’ याला इथे काही अर्थ नाही. ठणठणीत ससाही तो जिवाणू बाळगतो. एका पिंजऱ्यात, एका वाटीतून पाणी पीत, नाकाला नाक लावून बसलेल्या दोन प्राण्यांत तो जायला कितीसा वेळ लागणार? आणि अशा वेळी घरात मुलांसाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं उरलेलं सिरप चुकूनही पाजू नका. पोटात गेलेल्या पेनिसिलिन गटातल्या औषधांनी गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि न्यूमोनियाआधी औषधच जीव घेतं. सशालाही ते चालत नाही.

खाण्याचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. दोघांचंही मुख्य खाणं गवतच, तेही भरपूर. पण ससा स्वतःचं क जीवनसत्त्व शरीरात तयार करतो, गिनीपिगला ते जमत नाही, आपल्यासारखंच. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख हे दोघे खलाशांच्या एका आजाराचा शोध घेत गिनीपिगांना नुसतं धान्य खायला घालत होते, तर त्या बिचाऱ्यांना स्कर्वी, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, झाला. पुढे क जीवनसत्त्व सापडलं त्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. म्हणजे शंभर वर्षांहून जुनी गोष्ट. गिनीपिगला रोज वजनाच्या किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. सशाच्या गोळीखाद्यात ते घातलेलं नसतं. तुम्ही भोपळी मिरचीचा तुकडा खास गिनीपिगसाठी टाकलात, तरी एका पिंजऱ्यात तो कोणी पळवला हे कोण बघत बसणार?

नसबंदीचा खर्च म्हणे वाचतो. पिल्लं होणार नाहीत, हे खरं. पण वयात आलेला नर ससा काही जात बघत नाही. अंगावर चढणं म्हणजे दोस्ती नव्हे, तो छळ आहे. आपल्याकडे सर्रास मिळणारा पांढरा, लाल डोळ्यांचा न्यूझीलंड व्हाइट चार-पाच किलोंचा होतो आणि गिनीपिग जेमतेम एक किलोचा. सशाच्या मागच्या पायांची एक लाथ बसली की गिनीपिगची हाडं मोडू शकतात, पोटात आतून मार बसू शकतो. ससा मादी असेल तरी खर्च वाचवण्यात शहाणपण नाही. नसबंदी न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण फार मोठं आहे.

‘आमच्याकडे तीन वर्षं दोघं एकत्र आहेत, काही झालं नाही’ असं सांगणारं कोणीतरी भेटतंच. असतीलही. इंग्लंडात तर एके काळी दोघांना एका खुराड्यात ठेवायची सर्रास पद्धत होती. त्याच देशातली १८२४ पासून प्राण्यांसाठी काम करणारी आरएसपीसीए ही संस्था आज दोघांना एकत्र ठेवू नका असंच सांगते, आणि कारणं हीच : दांडगाई, वेगळा आहार, आजार. फॉरवर्ड लिहिणाऱ्यापेक्षा त्यांनी जास्त ससे पाहिलेत, एवढं धरून चालायला हरकत नसावी.

ससा एकटा कुढतो, ही तक्रार मात्र खोटी नाही. कळपातला प्राणी आहे तो. त्याला दुसरा ससा हवा, दोघांची नसबंदी झालेली आणि हळूहळू ओळख करून दिलेली. गिनीपिगला गिनीपिग हवा. स्वित्झर्लंडमध्ये तर त्याला एकटं ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. ज्यांच्याकडे दोघं आधीच एका पिंजऱ्यात आहेत त्यांनी आजच दुसरा पिंजरा बघा. तो येईपर्यंत मधे घट्ट जाळी बांधा, वाट्या वेगळ्या करा, आणि गिनीपिगचं नाक वाहत असेल तर जाळीच्या भरवशावर न राहता त्याला दुसऱ्या खोलीत हलवून थेट पशुवैद्याकडे न्या.