'महिनाभर सहन करा' म्हणे!

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या महिला ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज तिसऱ्यांदा फिरला. निपल महिनाभर दुखणारच, सहन करा. बाळंतपणाआधीच खरखरीत टॉवेलने घासून टणक करा. दर वेळी साबणाने धुवा. चिरा पडल्या तर मध लावा. रक्त आलं की अंगावर पाजणं बंद. खाली अंगठ्यांची रांग. पहिल्या बाळंतपणात यातलं निम्मं मी केलंय, म्हणून गप्प बसवेना.

'दुखणारच.' पहिले काही दिवस बाळ ओढायला लागलं की अर्धा मिनिट चुरचुरतं, ते ठीक. पण पाजून होईपर्यंत जीव जात असेल, तर बहुतेक वेळा बाळाची पकड चुकलेली असते. माझा मुलगा सोडायचा तेव्हा टोक बोरूसारखं तिरकं चपटलेलं असायचं. सासूबाई म्हणायच्या, "होतं गं सुरुवातीला." अठरा दिवस होऊ दिलं. वजनाला नेलं तेव्हा नर्सबाईंनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, तो नुसतं टोक चघळतोय."

मग त्यांनी शिकवलं. बाळाचं पोट आपल्या पोटाला, नाक निपलसमोर. जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं आणि बाळाला छातीकडे आणायचं. आपण वाकायचं नाही. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि भोवतीचा काळा भाग, खालचा जास्त, तोंडात. चुकलं तर ओढून काढायचं नाही. ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घालून सोडवायचं, पुन्हा लावायचं. त्या दुपारी चार वेळा सोडवलं. पाचव्यांदा चीर तशीच होती, पण दात आवळावे लागले नाहीत.

टॉवेलने कातडी टणक होत नाही, सोलली जाते. साबणाचंही तसंच: काळ्या भागावर पुळ्यांसारखे बारीक उंचवटे दिसतात, त्या ग्रंथींचा तेलकटपणा कातडी मऊ ठेवतो. तोच आपण धुऊन टाकतो. आंघोळीचं साधं पाणी पुरे. आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र ओलसर ब्रा आणि भिजलेले पॅड लगेच बदला.

मधाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मध जाता कामा नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बॉट्युलिझम होऊ शकतो, आणि त्यात बाळाचे स्नायू लुळे पडतात. चिरांवर आपल्याच दुधाचे दोन थेंब लावून सुकू द्या, किंवा शुद्ध लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून काढलेलं मलम, लावा. ते पाजण्याआधी पुसावं लागत नाही.

चिरेतलं थोडं रक्त पोटात गेल्याने बाळाला काही होत नाही. एकदम बंद केलं तर दूध तुंबून गाठी होतात. कमी दुखणाऱ्या बाजूने सुरू करा. अगदीच जमेना तर हाताने काढून वाटी-चमच्याने पाजा.

पकड नीट असूनही दुखतं, त्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही. पाजून झाल्यावरही आग होतेय, बाळाच्या तोंडात न पुसले जाणारे पांढरे डाग आहेत, तर बुरशी असू शकते. औषध दोघांनाही लागतं. एसीत टोक पांढरंफटक पडून ठणकत असेल तर रक्तवाहिन्या आकसतायत, ऊब द्या. कधी बाळाची जीभच खाली चिकटलेली असते, कधी दूध काढायच्या पंपाचं नरसाळं मापाचं नसतं. स्तनाचा एखादा भाग लाल, गरम आणि अंगात ताप, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि हे फक्त बाळंतिणीचं दुखणं नाही. पाळीआधी कित्येकींना दुखतं. पाम बीच रोडला पहाटे पळणाऱ्या पुरुषांनाही घामट टी-शर्ट घासून रक्त येतं. पळण्याआधी व्हॅसलीन किंवा चिकटपट्टी लावायची. एकाच बाजूला खपल्या, खाज, दोन-तीन आठवड्यांत बरं नाही, किंवा पाजत नसताना रक्त आलं, तर मात्र तपासून घ्या.

ज्या काकूंनी मेसेज टाकला होता त्यांच्याकडे मी स्वतः गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग जरा ओशाळून म्हणाल्या, "मधाचं तेवढं मी घातलं गं. बाकीचं तसंच आलं होतं."