उपक्रमाचे फोटो पुरे झाले, आता चुकलेली पाटी टाका

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. दुसरीच्या वर्गात अंकलेखन चाललं होतं. मी म्हटलं, "पंचेचाळीस." पहिल्या ओळीतल्या एका मुलीनं पाटीवर लिहिलं ५४. "बासष्ट" म्हटल्यावर लिहिलं २६. "सदतीस"ला ७३. दहा अंक सांगितले, त्यातले सात उलटे. मुलगी शहाणी, रोज वेळेवर येणारी. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात तेव्हा आजीजवळ राहून शाळा न चुकवणारी. सोळा वर्षं नोकरी झालेली बाई मी, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? पोरगी गणितात कच्ची आहे, हिला जादा सराव द्यायला पाहिजे.

मी जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. सांगली इथून शंभराहून जास्त किलोमीटर. मोबाईलला कधी महाराष्ट्राची रेंज, कधी कर्नाटकाची. मुलांच्या घरात कन्नड, रानात कन्नड, जत्रेत कन्नड, आणि शाळा मराठी. मी मूळची वाळवा तालुक्यातली. मला कन्नड येतं ते बाजारहाटापुरतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी त्या पाटीचा फोटो तालुक्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "दुसरीतली मुलगी दशक-एकक उलटे लिहिते. काय करावं?" पाचसात अंगठे आले. दोघांनी "खूप छान उपक्रम मॅडम" असं लिहिलं. त्यांनी फोटो बघितलाच नव्हता, पाटी दिसली आणि बोट दाबलं. मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला, त्याच्याखाली शुभेच्छांची रांग लागली आणि माझी पाटी वर निघून गेली.

साडेनऊला फोन वाजला. तालुक्यातल्याच एका कन्नड माध्यमाच्या शाळेवरचे सर. तोपर्यंत आमची नुसती तोंडओळख होती. म्हणाले, "मॅडम, पोरगी घरात कन्नड बोलतीय नव्हं? मग उद्या तिला कन्नडमधनं सांगून बघा की." आणि त्यांनी मला फोनवर दहा अंकांची कन्नड नावं लिहून घ्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "नलवत्तैदु बरी," म्हणजे पंचेचाळीस लिही. तिनं क्षणाचाही वेळ न घालवता लिहिलं ४५. "अरवत्तेरडु." ६२. "मूवत्तेळु." ३७. दहाच्या दहा बरोबर. माझे उच्चार ऐकून ती हसत होती, आणि मला मात्र घशाशी आल्यासारखं झालं होतं. जिला मी कच्ची ठरवून बसले होते, तिला संख्या येत होत्या. माझी भाषा तिला उलटी ऐकू येत होती.

नीट बघा. नलवत्तु म्हणजे चाळीस, ऐदु म्हणजे पाच. नलवत्तैदु. चाळीस आधी, पाच नंतर. जसं बोलायचं तसंच लिहायचं. आणि आपलं पंचेचाळीस? पाच आधी ऐकू येतात, चाळीस मागून. लिहिताना मात्र चार आधी. आपण लहानपणापासून ते गिळलंय म्हणून आपल्याला टोचत नाही. त्यात एकोणपन्नास घ्या. शब्दात चारही नाहीत आणि नऊही नाहीत, पन्नासाला एक उणा. बरं, ही रीत सगळीकडे लागू असावी, तर तेही नाही. एकोणनव्वदपर्यंत एकोण चालतं आणि शेवटी नव्याण्णव येतं. सात वर्षांच्या मुलाकडून आपण हे सगळं न समजावता मागतो, आणि नाही जमलं की शेरा मारतो.

मला खंत आहे ती २०१९ ची. त्या वर्षी बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि त्यात संख्या ‘वीस एक’, ‘नव्वद सात’ अशा पद्धतीनंही वाचायला दिल्या होत्या. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. केवढा गदारोळ झाला आठवतंय का? चॅनेलवर चर्चा, विधानसभेत प्रश्न, मराठी बुडाली म्हणून ओरड. मॅडम शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलाला दोन्ही वाटा दाखवायच्या आहेत. त्या आठवड्यात आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवर काय फिरत होतं? आडनावांचे आणि म्हणींचे विनोद. मीही दोन पुढे पाठवले, आज लिहितानाही वाईट वाटतंय. कुणी बाजूचं असेल, कुणी विरोधातलं, तो मुद्दा वेगळा. पण या प्रश्नाचा खरा पुरावा चॅनेलवाल्यांकडे नव्हता, आमदारांकडेही नव्हता. तो आमच्या वर्गातल्या पाट्यांवर होता. राज्यातल्या हजारो शिक्षकांनी त्या आठवड्यात आपल्या वर्गात वीस अंक सांगून पाट्यांचे फोटो एकमेकांना दाखवले असते, तर पंचवीसचे ५२ किती मुलं लिहितात, कुठल्या भागात जास्त लिहितात, कुठल्या अंकांना अडतात, हे आमचं आम्हाला कळलं असतं. फोन होता, ग्रुप होता, मुलं समोर होती. आम्ही विनोद पाठवले.

हे मी कुणाला टोचून बोलायला लिहीत नाहीये. व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकमुळे शिक्षक बिघडले असं म्हणणाऱ्यांतली मी नाहीच. आमच्यासारख्या शाळेवरच्या माणसाला तर ग्रुप म्हणजे आधार आहे. शाळेत आम्ही दोघं. एक जण बैठकीला किंवा माहिती द्यायला गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. शिक्षण परिषद, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची बैठक, महिन्यातून एकदा, तिथे अर्धा वेळ सूचनांत जातो. वर्गात काही अडलं तर विचारायचं कुणाला? भिंतीला? म्हणूनच पोटतिडकीनं सांगतेय की हातात आलेली एवढी मोठी सोय आपण फोटोंवर घालवू नये.

फोटोंचं काय होतं ते मी साताऱ्याच्या कुमठे बीटच्या, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाच्या, वेळी जवळून पाहिलंय. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे मॅडम आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मुलानं स्वतः करून बघत शिकण्याचं, जे काम उभं केलं, ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जात होत्या. २०१५ मध्ये मीही गेले होते. मुलं जमिनीवर गटागटानं बसून आपापलं शिकत होती. चुकलं तर स्वतःच पुसत होती, शेजारच्याशी भांडून परत मांडत होती. बाई मधून मधून एखादा प्रश्न विचारायच्या आणि गप्प राहायच्या. ते गप्प राहणं बघून मी थक्क झाले होते. परत आल्यावर ग्रुपवर फोटोंचा पूर आला. फोटोत काय दिसत होतं? फरशीवर रंगवलेले चौकोन, गोल, बाराखडी, अंकांचे तक्ते. मग आमच्याकडेही शाळाशाळांत वर्गणी काढून ऑइलपेंट आणला आणि फरशा रंगवल्या. बाईंचं गप्प राहणं फोटोत येत नाही. तो प्रश्न कुठला, तो त्याच वेळी का विचारला, हेही येत नाही. आमच्या शाळेतला रंग दोन पावसाळ्यांत उडाला आणि शिकवणं जिथं होतं तिथंच राहिलं. दोष कुमठ्याचा नाही. आम्ही ‘काय केलं’ एवढंच उचललं आणि ‘का केलं’ ते विचारलंच नाही.

मग चुकलेली पाटी कुणी टाकत का नाही? कारण सरळ आहे, भीती. आमचे बहुतेक ग्रुप कार्यालयाचे झालेत. "आज पाचपर्यंत लिंक भरा", "प्रलंबित शाळांची यादी", लाल रंगात शाळेचं नाव. अशा ग्रुपवर आमच्या एका सहकाऱ्यानं काही वर्षांपूर्वी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की माझ्या तिसरीतली सहा मुलं अजून जोडाक्षरं वाचत नाहीत, कुणी मदत करेल का. दुसऱ्या दिवशी मदत आली नाही, वरून फोन आला आणि लेखी खुलासा मागितला गेला. त्या माणसानं त्यानंतर ग्रुपवर काही म्हणजे काही लिहिलं नाही. ते बघून बाकीचे शंभर जण शहाणे झाले. वर्ग शंभर टक्के प्रगत दाखवायचा आणि अडचण पोटात ठेवायची, ही सवय अशी लागते. डॉक्टरनं रोग लपवावा तसं आहे हे.

पाटीच्या त्या प्रसंगानंतर मी, ते कन्नड शाळेवरचे सर आणि आणखी काही जणांनी मिळून एक छोटा ग्रुप काढला. आज आम्ही तेवीस जण आहोत. व्हॉट्सअ‍ॅप आता एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं घेतं, पण आम्हाला ती गर्दी नको आहे. पहिली ते तिसरीला शिकवणारेच आत. अधिकारी नाहीत. एक निवृत्त केंद्रप्रमुख आहेत, पण ते शिक्षक म्हणून आलेत आणि तसेच बोलतात. गुरुवारी रात्री आठ ते नऊ एवढीच वेळ, कारण आम्हालाही घरं आहेत, मुलं आहेत, सकाळचा डबा आहे. वाढदिवस, सुविचार, शासन निर्णय काहीही तिथे येत नाही. येते ती मुलाची वही किंवा पाटी, नावावर बोट ठेवून. चेहरा कधीच नाही, आवाजाची क्लिपही नाही. लोकांची, त्यात मुलांचीही, वैयक्तिक माहिती जपायचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण कायदा नसता तरी दुसऱ्याच्या लेकराची चूक तोंडासकट गावभर फिरवणं बरोबर नव्हतंच.

आणि एक गोष्ट आम्ही अनुभवातून शिकलो. सल्ला मिळाला म्हणजे काम झालं असं नाही, आठ दिवसांनी परत येऊन काय घडलं ते सांगायचं. माझ्याच बाबतीत सांगते. एका मॅडमनी सुचवलं होतं, "एकक आधी ऐकू येतो ना, मग मुलीला उजवीकडून लिहायला लावा. आधी ५, मग त्याच्या डावीकडे ४." मी केलं. दोन दिवस सगळे अंक बरोबर. मी खूश. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून "एकशे पंचेचाळीस" सांगितलं आणि पोरीचा पार गोंधळ उडाला, कारण शंभर आधी ऐकू येतो आणि पुढचं उलटं. मी ग्रुपवर तसं लिहिलं. त्या मॅडमना राग आला नाही. उलट त्यांनी आपल्या वर्गात करून बघितलं, आणि त्यांच्याकडेही तेच झालं. ती युक्ती आम्ही सोडली.

शेवटी उपयोगी पडल्या खराट्याच्या काड्या. दहाचा एक गठ्ठा रबर लावून. चार गठ्ठे, पाच सुट्या. आधी तिनं कन्नडमध्ये म्हणायचं, नलवत्तैदु. मग मी म्हणायचं, "चाळीस आणि पाच", गठ्ठ्यांवर हात ठेवून. मग दोघींनी मिळून, "पंचेचाळीस." तीन आठवडे रोज दहा मिनिटं. गणपतीची सुट्टी संपल्यावर तिनं एक चूक सोडता सगळे अंक बरोबर लिहिले. चुकलेला एक म्हणजे एकोणसाठ, तो मराठी घरातल्या मुलांनाही चुकतो.

असंच मागे एका सरांनी विचारलं होतं की मुलं ‘चाक’ वाचताना ‘च्याक’ का म्हणतात. आपल्या च ला दोन उच्चार आहेत, चहातला वेगळा आणि चाकातला वेगळा. कन्नडमध्ये चहातला तेवढाच आहे. मुलगा अक्षर बरोबर ओळखत होता, ते सर आठवडाभर त्याला चुकीचा समजत होते. ‘माझा पुस्तक’ म्हणणाऱ्यांचंही तसंच. घरच्या भाषेत पुस्तक, पाटी, दगड सगळं एकाच लिंगात. हे मला डीएडला कुणी शिकवलं नव्हतं.

प्रशिक्षणांना माझा विरोध नाही. दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे निष्ठा नावाच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स मी पूर्ण केलेत, त्यातले काही चांगलेही होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकांनी वर्षाला ५० तास स्वतःच्या शिकण्यासाठी द्यावेत असं म्हटलंय, ते मला मनापासून पटतं. पण कोर्समधल्या व्हिडिओला माझ्या वर्गातली मुलगी माहीत नसते. रात्री साडेनऊला फोन करणाऱ्या त्या सरांना तिचं घर माहीत होतं, तिची भाषा माहीत होती. त्यांनी मला दिलेली वीस मिनिटं कुठल्या पोर्टलवर चढत नाहीत. ती ५० तासांत धरायची काहीतरी सोय व्हावी, असं मला फार वाटतं. त्यासाठी अहवाल मागू नका एवढीच हात जोडून विनंती, नाहीतर परत फोटो सुरू होतील.

आता माझी यंदाची अडचण मांडते. तिसरीतला एक मुलगा आहे, घरी मराठीच. ५२ वजा २७ केलं की उत्तर ३५ लिहितो. पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. वर-खाली न बघता मोठ्यातून लहान काढतो. काड्यांचा गठ्ठा सोडायला लावला की २५ बरोबर सांगतो. वही समोर ठेवली की परत ३५. पंधरा दिवस झाले, काड्यांवरून वहीवर त्याला कसं आणायचं ते मला सुचत नाहीये. वहीच्या पानाचा फोटो खाली पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, मी सोमवारपासून करून बघते आणि पुढच्या सोमवारी इथंच येऊन लिहिते.