पॅसेजला दगड की टाइल?

भाऊंनी कट्ट्यावर टेकता टेकता विषय काढला, "पॅसेजची फरशी बदलतोय. दगड घालू की टाइल?" झालं. क्रिकेट, निवडणूक सगळं बाजूला पडलं.

वकीलसाहेबांनी लगेच वकीलपत्र घेतलं, अर्थात दगडाचं. "दगड तो दगड! टाइल म्हणजे दगडाचा फोटो. चार लाद्या सोडून पाचवीवर बघा, तीच शीर, तोच ठिपका."

"फोटो खरा, पण १२०० अंशांच्या आसपास भाजलेला," मिस्त्री म्हणाले. यांची हयात लाद्या बसवण्यात गेली. त्यांना उठताना गुडघ्यांवर हात ठेवताना पाहिलं की कळतं. "आणि दगड म्हणजे नेमका कुठला? मार्बल, ग्रॅनाइट, स्लेट, सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका."

मास्तरांना हेच हवं होतं. "फ्रीडरिख मोस नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये कठीणपणाची पट्टी मांडली, १ ते १०. मार्बल मुख्यतः कॅल्साइटचा, तो ३ वर. वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. आता सांगा, चपलेच्या तळव्याला काय चिकटून येतं?"

"वाळू," भाऊ म्हणाले.

"मग दिवसातून वीस वेळा तुम्ही मार्बलवर पॉलिशपेपर मारताय. बेडरूममध्ये ठीक आहे. पॅसेजमध्ये अख्खं घर त्याच दोन हातांच्या पट्ट्यातून चालतं."

मास्तर वर्गात असल्यासारखं बोलतात, पण यात त्यांचं चूक नाही. एका नातेवाइकांकडे पांढऱ्या मार्बलचा पॅसेज आहे. उभं राहून पाहिलं तर झकास. मी एकदा चपलेचा पट्टा लावायला खाली वाकलो आणि समोरच्या खिडकीचा उजेड फरशीवर तिरपा आला, तेव्हा दिसलं. दारापासून आतपर्यंत मधोमध एक मंद पट्टा गेलेला. स्कर्टिंगजवळ चकाकी शाबूत, मध्ये धुरकट. चपलांच्या रॅकपाशी तो पट्टा जरा रुंद होऊन वळला होता, गवतातली पायवाट वळते तसा. शेवटी बाथरूमच्या उंबऱ्याबाहेर पांढुरके थेंब. सफाईच्या अ‍ॅसिडचे. ते पुसून जात नाहीत, कारण ते डाग नसतातच; तेवढा दगड अ‍ॅसिडने खाल्लेला असतो.

"पण घासून पुन्हा पॉलिश होतो ना?" वकीलसाहेब उसळले. "मशीन लावलं की नवा कोरा! टाइलवर हातोडी पडली की टवका उडतो आणि आतली लाल माती दात काढते. तिथे काय पॉलिश करणार?"

हा मुद्दा बिनतोड होता आणि मिस्त्रींनीही मान डोलावली. टाइल दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. आणि बदलायला तीच टाइल मिळत नाही. नाव तेच, पण पुढच्या बॅचची शेड जराशी वेगळी येते. म्हणून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला एक-दोन बॉक्स जास्त घेऊन माळ्यावर ठेवायला सांगतात. "निम्मे लोक ठेवतात, आणि मग माळा साफ करताना देऊन टाकतात," ते म्हणाले.

मग त्यांनी टाइलवाल्यांचीही हजेरी घेतली. भिंतीची टाइल जमिनीला लावलेली त्यांनी पाहिली आहे. ती १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते, व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, ०.५ टक्क्याच्या आत राहते. ग्लेझवाली, म्हणजे वर काचेसारखा थर असलेली टाइल घेत असाल तर पीईआय आकडा विचारा, तो थर झीज किती सोसतो ते त्यातून कळतं, पॅसेजला ४ असला की निर्धास्त. आणि फुल बॉडी मिळाली तर बघा, तिच्यात रंग आरपार असतो, टवका उडाला तरी डोळ्यांत खुपत नाही.

इतका वेळ ताई गप्प होत्या. त्या फिजिओथेरपिस्ट. "तुम्ही सगळे फरशी किती झिजते यावर बोलताय. माझ्याकडे येणारी माणसं फरशीवर घसरलेली असतात."

कट्टा जरा शांत झाला. बाहेरून ओल्या पायांनी आलेलं माणूस आधी पॅसेजमध्येच पाऊल टाकतं. ताईंचं म्हणणं, आरशासारखी चकाकी असेल तर दगड काय आणि टाइल काय, पाणी पडलं की दोघांची जात एकच. टाइल घसरण किती रोखते ते सांगणारा आर ९, आर १० असा आकडा असतो. तेल टाकलेल्या उतारावर माणूस चालवून तो आकडा काढतात. आत येण्याच्या जागी निदान आर १० हवा. वकीलसाहेबांनी चपळाईने ग्रॅनाइटचं लेदर फिनिश, म्हणजे चकाकी नसलेलं, किंचित खडबडीत, पुढे केलं. ग्रॅनाइट तसा मोसच्या पट्टीवर ६ ते ७, म्हणजे वाळूच्या जवळपास तोडीचा. मार्बलचा खटला हरून ते ग्रॅनाइटवर आले होते, हे कोणी बोलून दाखवलं नाही.

"खडबडीत घ्या, पण मळ धरतं. घरी पुसतं कोण?" ताईंनी विचारलं.

"मीच," भाऊ म्हणाले. वकीलसाहेब नखांकडे बघू लागले.

माझं मत विचाराल तर मॅट व्हिट्रिफाइड. दगड मला आवडतो, पायाला गार लागतो, पण त्यात पाणी मुरू नये म्हणून सीलर लावत बसणारा माणूस मी नाही. एकदा पाण्याचा थेंब टाकून पाहावा. दगड तिथे काळवंडला तर सीलर संपलाय असं समजायचं. मी थेंबच टाकणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

मिस्त्रींनी मात्र वेगळंच विचारलं. "जुनी फरशी काढणार, की वरूनच?"

"वरूनच. तोडफोड नको."

"आधी नाणं घेऊन ठोकून बघा, पोकळ वाजते का. वाजली तर काढावीच लागेल. आणि दगडाचं वजन? २० मिलिमीटर ग्रॅनाइट म्हणजे चौरस मीटरला ५० किलोच्या वर. टाइल त्याच्या निम्म्याहून कमी. बरं, दाराखाली फट किती आहे?"

भाऊंना माहीत नव्हतं. ते उठून घरी गेले, दहा मिनिटांनी फोन आला. मिस्त्रींनी स्पीकर लावला.

"१२ मिलिमीटर."

"टाइल ९, खाली चिकटवायचं केमिकल ४. तेरा झाले. दार घासणार."

"म्हणजे टाइल लावली तरी दार कापायचंच!" वकीलसाहेबांचा चेहरा खुलला. "मग दगडाला ना का? कापायचंय तर जरा जास्त कापा!"

"भाऊ," मिस्त्रींनी फोनमध्ये विचारलं, "पॅसेजमध्ये उघडणारी दारं किती?"

पलीकडे मोजणी चाललेली ऐकू येत होती.

"पाच. त्यातलं एक लोखंडी."

वकीलसाहेब चपला शोधू लागले.