स्मॉल सेल कॅन्सरमधील शस्त्रक्रिया : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये (फार लवकर पसरणारा एक प्रकार) शस्त्रक्रिया निरुपयोगी असल्याचे दोन चाचण्यांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे, तरीही मी माझ्या लेखात तिला उपचारांत जागा दिली आणि रुग्णांना खोटी आशा दाखवली, असा आपला आक्षेप आहे. तो रुग्णांच्या काळजीतून आलेला आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

दोन्ही चाचण्यांचे निष्कर्ष मला मान्य आहेत. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांची तुलना केली व दहा वर्षांचा पाठपुरावा १९७३ साली प्रसिद्ध केला. त्यात रेडिएशनच्या गटाचे आयुर्मान शस्त्रक्रियेच्या गटापेक्षा जास्त निघाले. पण त्या चाचणीत ज्यांची गाठ ब्राँकोस्कोपमधून (श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीतून) दिसत होती, म्हणजे मोठ्या श्वासनलिकांपाशी होती, असेच रुग्ण घेतले होते. सीटी स्कॅनची सोय तेव्हा नव्हती. शस्त्रक्रियेच्या गटातील निम्म्याहून कमी रुग्णांची गाठ पूर्ण निघाली आणि कित्येकांची छाती उघडून तशीच बंद करावी लागली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आधी केमोथेरपी देऊन, ज्यांचा आजार आटोक्यात आला त्यांच्यापैकी १४६ जणांची दोन गटांत विभागणी केली होती, आणि शस्त्रक्रियेने आयुष्य वाढले नाही. मात्र फुप्फुसाच्या कडेला लहानशी गाठ असलेले आणि लसीकाग्रंथी स्वच्छ (म्हणजे कॅन्सरच्या पेशी नसलेल्या) असलेले रुग्ण त्या चाचणीतून मुद्दाम वगळलेले होते. माझा लेख नेमका त्यांच्याविषयी होता.

हा गट अगदी छोटा आहे. स्मॉल सेलच्या शंभर रुग्णांत असे पाचही नसतात. त्यांच्यातील काहींचे निदानच शस्त्रक्रियेनंतर होते. स्कॅनवर कडेला एक डाग दिसतो, सुईने नमुना घेता येईल अशा जागी तो नसतो, शल्यचिकित्सक तो काढतात आणि पॅथॉलॉजीच्या अहवालात ‘स्मॉल सेल’ लिहून येते. अशा रुग्णाला शस्त्रक्रिया व्यर्थ गेली असे सांगणे मला पटत नाही, आणि काम संपले असे सांगणे तर धोक्याचे आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग-नोंदींच्या अभ्यासात, ग्रंथी स्वच्छ असलेल्या रुग्णांपैकी नुसती शस्त्रक्रिया झालेले सुमारे ४० टक्के, तर तिच्यानंतर केमोथेरपी मिळालेले सुमारे ५३ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते.

अशा नोंदींमध्ये मुळात धडधाकट रुग्णच शस्त्रक्रियेपर्यंत पोचतात, त्यामुळे आकडे फुगतात, हे आपले म्हणणे बरोबर आहे. याच कारणाने मी हे आकडे शस्त्रक्रियेच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून वापरत नाही. पण ज्या चाचण्यांत हे रुग्ण घेतलेच नव्हते, त्यांच्या आधारे त्यांना शस्त्रक्रियेचा पर्याय नाकारणेही तितकेच निराधार आहे.

खोटी आशा टाळण्याचा मार्ग माझ्या मते शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासण्यांत आहे. पेट-सीटी आणि मेंदूचा एमआरआय झाल्यावरही, स्कॅनवर ग्रंथी स्वच्छ दिसतात एवढ्यावर थांबू नये. छातीच्या मध्यभागातील ग्रंथींचे नमुने अल्ट्रासाउंडच्या मदतीने ब्राँकोस्कोपीतून किंवा मीडियास्टिनोस्कोपीने (मानेखाली छोटा छेद देऊन दुर्बिणीने) घेऊन तपासायला हवेत, कारण हा आजार फार लवकर पसरतो. तिथे कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर मी शस्त्रक्रियेचा आग्रह कधीही धरणार नाही. तिथे केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र देणे हाच पाया आहे. आजार छातीपुरता मर्यादित असलेल्या रुग्णांत, केमोथेरपीसोबत दिवसातून एकदाऐवजी दोनदा दिलेल्या रेडिएशनने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून २६ टक्क्यांवर गेल्याचे १९९९ सालच्या चाचणीत दिसले होते.

ग्रंथी स्वच्छ निघाल्या, तर फुप्फुसाचा तो खंड काढणे, सोबत ग्रंथी काढणे आणि प्रकृती सावरताच सिस्प्लॅटिन व इटोपोसाइडची केमोथेरपी सुरू करणे, हा क्रम मी लेखात दिला होता. काढलेल्या ग्रंथींत तरीही आजार सापडला, तर रेडिएशनचा विचार त्यात जोडावा लागतो. ज्यांचे हृदय किंवा श्वसनक्षमता शस्त्रक्रिया पेलणार नाही, त्यांच्यासाठी मोजक्या सत्रांत दिले जाणारे अचूक रेडिएशन हा पर्याय आहे, आणि त्याच्याही पाठोपाठ केमोथेरपी द्यावीच लागते.