आयोमीची बोटं आणि भोसरीचे प्रेस

५ जुलै २०२५ला आमच्या इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये, व्हिला पार्क स्टेडियमवर, ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि सतराच दिवसांत त्यांचा गायक ऑझी ऑसबोर्न गेला. तेव्हापासून पिंपरी-चिंचवडच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची गोष्ट फिरते आहे. बोटं तुटली तरी जिद्द सोडली नाही, वगैरे. खाली हात जोडलेले इमोजी. सप्टेंबरात त्याच ग्रुपवर दुसरा वाद पेटला. राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि तिमाही ओव्हरटाइमची ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली होती. तिथेही जिद्दच! ‘आम्ही नाही का डबल शिफ्ट मारल्या? आताच्या पोरांना कष्ट नकोत.’

आयोमीची गोष्ट मुळात प्रेस शॉपमधली, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनवरची आहे, हे मात्र फॉरवर्डमधून गळतं.

साल १९६५. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातला सतरा वर्षांचा पोरगा शीट मेटलच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. युरोपला निघालेल्या बँडमध्ये जागा मिळाली, म्हणून नोकरीचा तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, काम अर्धवट टाकून यायचं नाही. (आपल्याकडची आई वेगळं काय म्हणाली असती?) गेला बिचारा. प्रेसवरचा माणूस आलाच नव्हता, म्हणून कधी न चालवलेल्या मशीनवर याला उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

त्याच्या फोरमनने घरी येऊन जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत दोन बोटं निकामी होऊनही वाजवणारा तो जिप्सी गिटारवादक. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून तिची गोळी केली, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने तिला भोक पाडलं, बोटावर बसेपर्यंत घासली आणि तारेवरून घसरू नये म्हणून जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. पातळ तारा मिळेनात, तर बॅन्जोच्या लावल्या. पुढे ताण कमी करायला सूर उतरवत १९७१च्या अल्बममध्ये तीन अर्धस्वर खाली गेला. त्या खर्जातल्या जड आवाजावर आज अर्धं हेवी मेटल संगीत उभं आहे.

माणूस अफाट आहेच. पण बोटं गेलेल्या हजारोंतून एक आयोमी निघतो, बाकीचे वॉचमन होतात. भोसरी-चाकणमध्ये असे हात मी पाहिलेत.

कायदा तेव्हा इथे बर्मिंगहॅममध्येही होता. मशीनच्या धोकादायक भागाला गार्ड, म्हणजे संरक्षक आवरण हवं, हे ब्रिटनच्या १९६१च्या कारखाना कायद्यात होतं. आपल्या १९४८च्या कायद्यातही होतं. इथे फरक पडला तो १९७४च्या नव्या कायद्यानंतर, तपासनिसांचे अधिकार वाढल्यावर आणि मालक कोर्टात उभे राहू लागल्यावर. मी काम करतो तिथे गार्डचं दार उघडलं की प्रेस जागच्या जागी थांबतो, आणि प्रॉडक्शन का थांबलं म्हणून कोणी ओरडत नाही. आपल्याकडे, हात प्रेसखाली राहू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवतात, कारण तासाचे नग भरायचे असतात. पोराचं ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड कित्येकदा बोट गेल्यावर निघतं.

इथे स्वर्ग आहे असं नाही. व्हिला पार्कवर दिवसभर जल्लोष चालला होता तेव्हा शहरातले कचरा कामगार पगारकपातीच्या भीतीने संपावर होते आणि फुटपाथवर काळ्या पिशव्यांचे ढीग होते. पालिकेने २०२३मध्येच दिवाळं जाहीर केलेलं. पण वाद चालला होता तो पगाराचा. कामगारांत जिद्द कमी आहे का, हा प्रश्न माझ्या तरी कानावर आला नाही.

बारा तासांना कामगाराची लेखी संमती लागेल, असं ग्रुपवर एकाने मला समजावलं. ठेकेदारामार्फत आलेला, उद्या सकाळी पुन्हा त्याच गेटवर उभा राहणारा पोरगा कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? आणि अकराव्या तासाला प्रेसवरचा माणूस आला नाही, तर त्या जागी कोणाला उभं करणार? यावर अजून कोणी काही लिहिलेलं नाही.