दालचिनी चहात घाला, गालावर नको

परवा रात्री साडेदहाला भाचीचा व्हिडिओ कॉल. "मावशी, गाल भाजतायत गं." रविवारी तिची हळद. बघते तर दोन्ही गालांवर कानापासून ओठांच्या दिशेने लालभडक पट्टे. काय लावलंस, विचारलं तर उत्तराऐवजी एक मेसेज आला: "पार्लरवाले तुमच्यापासून काय लपवतात!" हाच मेसेज दुपारी वहिनींनी घरच्या ग्रुपवर टाकला होता आणि मी न वाचता पुढे सरकले होते. चूक माझीच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: बाजारातल्या प्रत्येक काँटूरमध्ये, म्हणजे चेहरा बारीक दिसावा म्हणून गालाखाली लावायच्या गडद रंगात, शिसं असतं. म्हणून दालचिनी आणि कोको समसमान घेऊन खोबरेल तेलात कालवा, झालं काँटूर. हायलाइटर, म्हणजे गालाच्या उंचवट्यावर लावायची चमक, हवा तर रांगोळीची चमकी व्हॅसलीनमध्ये मिसळा. काँटूर त्वचेपेक्षा चार शेड गडद हवं. सावळ्या मुलींनी या भानगडीत पडूच नये. आणि महिनाभर रोज लावलं तर चेहरा कायमचा बारीक होतो. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

दालचिनीपासूनच सुरुवात करते, कारण गाल तिनेच भाजलेत. दालचिनीचा वास आणि झणका ज्यामुळे येतो त्याचं नाव सिनॅमाल्डिहाइड, सौंदर्यप्रसाधनांच्या डब्यावर 'सिनॅमल'. त्वचेला ॲलर्जी देणाऱ्या सुगंधी द्रव्यांत याचं नाव फार जुनं आहे. युरोपीय संघाचा नियम असा, की चेहऱ्यावर राहणाऱ्या प्रसाधनात हे ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर लेबलवर नाव छापलंच पाहिजे. आता हिशोब करा. दालचिनीच्या पुडीत ते अर्धा टक्का जरी धरलं आणि निम्मा कोको मिसळला, तरी पाव टक्का उरतो. म्हणजे ज्या प्रमाणाला कंपनीला नुसतं नाव छापावं लागतं, त्याच्या अडीचशे पट, तेलाने पातळ होऊन निम्मं झालं तरी सव्वाशे पट, आपण गालावर चोळतोय! वर तेल, म्हणजे ते तिथेच चिकटून राहणार. "नैसर्गिक आहे" म्हणे. खाजकुयलीही नैसर्गिकच आहे.

चमकीचं तर बोलायलाच नको. मंडईत रांगोळीच्या पुड्यांशेजारी मिळते ती चमकी म्हणजे रंगवलेल्या प्लास्टिकचे कापलेले तुकडे, आणि त्यांना कडा असतात. गालाच्या उंचवट्यावर लावलेली चमकी घाम आला की डोळ्यात उतरते, मग मुलगी डोळा चोळते आणि बुबुळावर ओरखडा येतो. हळदीच्या मांडवात कोणाला घाम येत नाही?

शिशाबद्दल मात्र, नाइलाजाने का होईना, अर्धी गोष्ट खरी मानावी लागेल. नाव नाही, पत्ता नाही, असे पॅलेट शंभर-दीडशे रुपयांत सर्रास मिळतात. त्यात काय असेल, मी हमी देणार नाही. पण म्हणून 'प्रत्येक काँटूर'? आपल्याकडे प्रसाधनात वापरलेल्या रंगांत शिसं दहा लाखांत २० भागांच्या वर चालत नाही, हा कायदा आहे. डबी उलटी करा. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली नसेल तर ठेवून द्या, दुकानदार कितीही "ताई, ओरिजिनल आहे" म्हणू दे.

चार शेड गडद लावलंत तर गालावर मिशी उगवल्यासारखं दिसेल. काँटूर म्हणजे सावली. सावली चमकत नाही आणि नारिंगीही नसते. म्हणून रंग मॅट हवा, किंचित राखाडीकडे झुकणारा तपकिरी, एक, फार तर दोन शेड गडद. ब्राँझर वेगळा. तो उन्हाची ऊब दाखवण्यासाठी असतो, काँटूर म्हणून लावला की गव्हाळ चेहरा गंजलेला दिसतो. तुळशीबागेत घ्यायला गेलात तर दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली ठरवू नका. जबड्याच्या कडेला बोट फिरवा, रस्त्यावर येऊन उजेडात आरसा बघा. मैत्रीण म्हणाली "इथे मळलंय का गं?" तर रंग चुकला. घरी मॅट तपकिरी आयशॅडो असेल तर वेगळं काँटूर घ्यायचीही गरज नाही. हे पार्लरवाले सांगत नाहीत, हा आरोप मला मान्य आहे.

सावळ्या मुलींनी लावू नये, हे कुणी ठरवलं? सावळ्या चेहऱ्यावर चांदीसारखा हायलाइटर राखेसारखा दिसतो, इतकंच. सोनेरी किंवा तांबूस घ्या, मग बघा. आणि पुटकुळ्या किंवा मोठी रंध्रं असतील तिथे जाड चमक नको, सगळं उठून दिसतं. गव्हाळ रंगाला शॅम्पेन, म्हणजे फिकट सोनेरी, किंवा पीच चालतो.

चेहरा कायमचा बारीक? रंगभूमीवरचे नट पिढ्यान्‌पिढ्या गालाखाली तपकिरी सावली ओढत आलेत, बालगंधर्व नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून नाक-गाल दिसावेत म्हणून. प्रयोग संपला की तोंड धुतलं, गाल पूर्ववत.

वहिनींना हे सगळं ग्रुपवर लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, "अगं, पण मेसेज लिहिणारी मला शिकलेली बाई वाटली." कोण बाई, ते त्यांनाही सांगता येईना.

भाचीला त्या रात्री गार पाण्याने तोंड धुवायला लावलं, सकाळी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, लाली पूर्ण जाईपर्यंत गालाला मेकअप नाही. रविवारपर्यंत गेली तर जे नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघितलेलं असेल, तेच वापरीन. नाही गेली तर काँटूर रद्द. फोटोवाल्याला सांगून ठेवलंय, दिवा समोरून नको, जरा बाजूने लाव. सावली तोच पाडेल.